फोन घरात नाही, म्हणून तर मजा!

कुणीतरी विचारलंय, आमिश म्हणजे अमेरिकेतले जुन्या, साध्या पद्धतीनं राहणारे ख्रिस्ती लोक; त्यांच्या गावात ना फोन ना मोटार, मग हलक्याफुलक्या रहस्यकथेत तपास करायचा कसा? अहो, गंमत तिथंच तर आहे! फोन अगदीच नसतो असं नाही. बऱ्याच ठिकाणी तो घराबाहेर, रस्त्याकडेच्या लाकडी खोपटात असतो, दोन-चार घरांत मिळून एक. म्हणजे कोण कधी गेलं आणि किती वेळ बोललं, ते शेजारणीला खिडकीतून दिसतं. कॉल रेकॉर्ड हवेत कशाला?

शिवाय ओहायोतल्या शुगरक्रीकचं 'द बजेट' हे साप्ताहिक आहेच, १८९० पासूनचं. गावोगावचे लोक त्यात पत्रं लिहितात: रविवारची प्रार्थना कुणाच्या घरी झाली, पाहुणे कुठून आले, कोण आजारी आहे. गुप्तहेराला आयती रोजनिशीच की!

मला विचाराल तर जोडी हवी आमिश आजी आणि मेनोनाइट, म्हणजे आमिशांच्या भाऊबंद ख्रिस्ती पंथातल्या, शेजारणीची. मूळ एकच, पण १६९३ मध्ये याकोब अम्मानच्या गटानं वेगळी चूल मांडली, तेच आमिश. शेजारीण मोटार चालवते. आजीला चालवायची बंदी, बसायची नाही! त्यामुळे पाठलाग करताना 'जरा दाब की' म्हणायला ती मोकळी.

आणि खूनबिन नको बुवा. काकवी घातलेला शूफ्लाय पायच चोरीला जाऊ दे. लग्न झालेल्या आमिश पुरुषांना दाढी असते, मिशी नसते. पुरावा कुठं चिकटलेला असेल ते आजीला बरोबर ठाऊक.