सांध्याजवळचा जाळीदार चट्टा : बायोप्सी करावी का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर) :
आईला अनेक वर्षांपासून रुमेटॉइड संधिवात आहे. तिच्या उजव्या कोपराभोवती जाळे विणल्यासारखा लालसर-जांभळट चट्टा उमटला असून, तो दुखत नाही, खाजतही नाही. नायटा समजून लावलेल्या मलमाचा काडीचाही उपयोग झाला नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी 'इंट्रालिम्फॅटिक हिस्टिओसायटोसिस'ची शंका व्यक्त करून बायोप्सी सुचवली आहे. त्रासच नसताना तुकडा काढणे आवश्यक आहे का?

पहिले उत्तर :
आवश्यक आहे, कारण नुसते पाहून हे निदान होत नाही. या दुर्मीळ विकारात त्वचेतील लसीकावाहिन्या, म्हणजे ऊतींमधला पाणीदार द्रव (लसीका) वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, फुगतात आणि त्यांच्या पोकळीत हिस्टिओसाइट, म्हणजे शरीरातील कचरा गिळणाऱ्या पेशी, साचतात. सांध्याच्या जुनाट सुजेमुळे लसीकेचा निचरा अडत असावा, असा कयास आहे. म्हणूनच चट्टा बहुधा दुखऱ्या किंवा धातूचा कृत्रिम सांधा बसवलेल्या भागाजवळ दिसतो. १९९४ मध्ये त्याचे वर्णन 'इंट्राव्हॅस्क्युलर हिस्टिओसायटोसिस' या नावाने झाले. हा कर्करोग नव्हे. मात्र रक्तवाहिन्यांत वाढणारा लिम्फोमा (पांढऱ्या पेशींचा एक कर्करोग) सूक्ष्मदर्शकाखाली काहीसा तसाच भासू शकत असल्याने सीडी६८ आणि डी२-४० ही विशेष रंजके वापरून खात्री करावी लागते. तपासणीच्या कागदावर संधिवाताचा उल्लेख अवश्य करायला सांगा, आणि पॅराफिन ब्लॉक, म्हणजे काढलेला तुकडा ज्यात बसवून ठेवतात ती मेणाची वडी, जपून ठेवा. दुसरे मत घ्यायचे झाल्यास तोच पाठवता येतो.

दुसरे उत्तर :
आई कोपर शेकतात का? आपल्याकडे सांधा दुखला की गरम पाण्याची पिशवी आलीच, आणि रोजच्या शेकाने त्वचेवर हुबेहूब असेच तपकिरी-लाल जाळे उमटते. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा.

प्रश्नकर्ता :
शेक गुडघ्यांना असतो, कोपराला कधीच नाही. निदान पक्के झाल्यास उपचार काय?

पहिले उत्तर देणारे :
ठरलेला रामबाण उपाय नाही. स्टेरॉइड किंवा टॅक्रोलिमसचे मलम, दाबपट्टी असे उपाय केले जातात. काहींना गुण येतो, काहींना नाही. संधिवात आटोक्यात आल्यावर चट्टा फिकट झाल्याच्या नोंदी आहेत, त्यामुळे बायोप्सीचा अहवाल घेऊन संधिवाततज्ज्ञांकडेही जा. तोवर संधिवाताच्या चालू गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.