चर्चा: निरीक्षणगृहातल्या मुलांचा वर्ग आत भरवा, पण त्यांची नावं बाहेरच्या शाळेच्या पटावर ठेवा

खडूफळा:
जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी एका निरीक्षणगृहात, म्हणजे गुन्ह्याच्या आरोपावरून पकडलेल्या अठराच्या आतल्या मुलांना चौकशी होईपर्यंत ठेवतात तिथे, मराठी आणि गणित शिकवायला जाते. कुठल्या, ते लिहीत नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार तिथल्या मुलांची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करता येत नाही, आणि छोट्या जिल्ह्यात नुसतं गावाचं नाव सांगितलं तरी लोक मुलापर्यंत पोचतात.

या वर्गाला नेहमीच्या शाळेचा साचा चालत नाही. एकाच सतरंजीवर तेरा वर्षांचा आणि सतरा वर्षांचा मुलगा शेजारी बसतो. एक दहावीच्या तोंडावर पकडला गेलेला असतो, पेपर घडाघडा वाचतो. दुसऱ्याच्या नावापुढे सातवी लिहिलेली असते आणि त्याला जोडाक्षर वाचता येत नाही. सोमवारी आलेला मुलगा गुरुवारी जामिनावर जातो. बाल न्याय मंडळासमोर तारीख असेल त्या दिवशी कुणाचंच लक्ष लागत नाही, घरून भेटीला कुणी आलं नाही की त्याहून वाईट. अशा वर्गात इयत्तेचं पुस्तक उघडून पहिल्या धड्यापासून सुरुवात करणं म्हणजे मुलाला पुन्हा एकदा नापास करणं. मी प्रत्येकाची पातळी आधी बघते: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गट त्यावरून पडतात, वयावरून नाही. दर दिवसाचा पाठ त्याच दिवशी पुरा करते, कारण उद्या तो मुलगा असेलच असं नाही.

म्हणून अशा वर्गासाठी वेगळा शिक्षक हवा, वेगळी तयारी हवी आणि पगारी, कायम पद हवं. माझ्यासारख्या स्वयंसेवकांवर हे चालता कामा नये. त्याच 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 53 मध्ये संस्थेने द्यायच्या सेवांत शिक्षण स्पष्ट लिहिलेलं आहे.

पण वर्ग आत असला तरी शाळा आत नको. मुलाचं नाव त्याच्या मूळ शाळेच्या हजेरीपटावर राहिलं पाहिजे. ते कुठेच नसेल तर जवळच्या शाळेत घालावं, परीक्षा त्या शाळेची द्यावी आणि दाखला त्या शाळेचा मिळावा. आज होतं काय, की मुलगा सलग गैरहजर दिसला की नाव कमी होतं. सुटून शाळेत गेला की मुख्याध्यापक सांगतात, "दाखला घेऊन जा." संयुक्त राष्ट्रांच्या 1990 च्या नियमांत म्हटलंय की कोठडीत मिळालेल्या प्रमाणपत्रावर मूल संस्थेत होतं याची कुठलीही खूण नसावी. आपण दाखल्याच्या पहिल्याच ओळीत संस्थेचं नाव छापलं तर त्या नियमाचं काय उरलं?

गोदाकाठ:
तुमच्या कामाबद्दल पूर्ण आदर ठेवून विरोध नोंदवतो. तुम्ही ज्या 1990 च्या नियमांचा दाखला दिलात, त्यातच आधी असं आहे की शक्य तिथे हे शिक्षण संस्थेबाहेर, समाजातल्या शाळांमध्ये द्यावं. आपल्याकडच्या बाल न्याय कायद्याच्या 2016 च्या आदर्श नियमांतही आत किंवा बाहेर, मुख्य प्रवाहातली शाळा, सेतुवर्ग, मुक्त विद्यालय असे सगळे पर्याय दिलेत. तुम्ही मात्र आतला वर्ग गृहीत धरूनच पुढे गेलात.

मुंबईत 1857 मध्ये डेव्हिड ससून यांच्या नावाने सुधारगृह उभं राहिलं तेव्हापासून आपली पद्धत तीच आहे: मूल आत घ्या, तिथेच शिकवा, तिथेच हातकाम द्या. आतला वर्ग जितका चांगला होईल तितकं मुलाला आत ठेवणं मंडळालाही सोपं वाटेल आणि पालकांनाही. "तिथं शाळा आहे, दोन वेळचं जेवण आहे, राहू दे अजून थोडे दिवस," हे बापाच्या तोंडून मी ऐकलंय. कायदा म्हणतो चौकशी चार महिन्यांत संपवा, फार तर दोन महिने वाढवा. तेवढ्यासाठी कायम पदं निर्माण करण्यापेक्षा मूल आत येणारच नाही याच्यावर पैसा लावा.

शिवाय बालगृहातली मुलं वेगळी. त्यांनी काहीच केलेलं नाही. अनाथ, हरवलेली, घरी मारहाण होणारी. त्यांना आत शिकवण्याचं तर काहीच कारण नाही.

पाचवी_ब:
मी बालगृहात वाढलो आणि बाहेरच्या शाळेत शिकलो. गोदाकाठ, तुम्ही म्हणता तसंच. त्यामुळे लिहितो.

आम्हा सगळ्यांना एकाच रांगेत, शेवटच्या बाकांवर बसवायचे. एकाच ताग्यातल्या कापडाचे सदरे, एकसारख्या पिशव्या. पालकसभेला आमच्यासाठी काळजीवाहक यायचे, तेही सगळ्यांसाठी एकच. गुन्हा कुणाचाच नव्हता, तरी आम्ही "रिमांडची पोरं". वर्गात कुणाचं पेन हरवलं की आधी आमच्या पिशव्या उलट्या व्हायच्या. बाई वाईट नव्हत्या. त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं.

पण तरीही मला आतली शाळा नको होती. सकाळी फाटकाबाहेर पडून शाळेपर्यंत चालत जायचं, एवढा वेळ आम्ही इतर मुलांसारखे असायचो. तो वेळ मी कशाच्याही बदल्यात दिला नसता. म्हणून बाहेर पाठवा, पण एका शाळेत वीस जणांचा घोळका पाठवू नका. दोन-तीन जण एका शाळेत, कपडे त्यांच्या आवडीचे आणि सभेला येणारं माणूस ठरलेलं.

हडपसरकर:
सगळे मुलांच्या बाजूने बोलताहेत. कल्याणीनगरच्या अपघातानंतर पुण्यात राहणाऱ्या माणसाला हे ऐकायला कसं वाटतं ते सांगतो. 19 मे 2024 च्या पहाटे एका अल्पवयीन मुलाच्या गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले आणि त्या मुलाच्या जामिनाच्या अटींत 300 शब्दांचा निबंध होता. त्यानंतर "मुलांना संधी द्या" म्हटलं की माझा विश्वास बसत नाही. ज्या गरीब बापाने कर्ज काढून मुलाला शिकवलं, त्याच्या शाळेत शिक्षकाची जागा रिकामी. आणि तुम्ही कायम पद मागताय ते कुणासाठी? ज्याने कुणाला तरी जखमी केलंय त्याच्यासाठी? ज्याचं घर उजाडलं त्या माणसाला हे काय सांगणार?

खडूफळा:
तुमचा राग मला परका नाही. त्या निबंधाची अट वाचून मीही संतापले होते. पण त्या प्रकरणातल्या मुलाकडे शाळा, वकील, घर, सगळं होतं. माझ्या वर्गात बसतात ती मोबाईल चोरलेली, मारामारीत सापडलेली, कुणा मोठ्याने पाकीट पोचवायला दिलेली मुलं. जामीन मंजूर होऊनही न्यायला कुणी येत नाही म्हणून थांबलेली. एका प्रकरणावरून या सगळ्यांचं शिक्षण ठरवू नका.

ज्याचं घर उजाडलं त्याला मी काही सांगू शकत नाही. एवढंच म्हणेन की हा मुलगा सुटणारच आहे. गुन्हा सिद्ध होऊन मंडळाने विशेष गृहात पाठवलं तरी जास्तीत जास्त तीन वर्षं. तो सुटून त्याच वस्तीत येणार, तुमच्या-माझ्या शेजारी. त्याला वाचता येत असेल की नाही, एवढाच प्रश्न आपल्या हातात आहे.

हडपसरकर:
मग वाचता येतं की नाही ते मोजा आणि जाहीर करा. आत येताना पातळी काय, जाताना काय. नावं नकोत, आकडे द्या. पैसा आमचा आहे, तर एवढं विचारायचा हक्क आहे. ते होणार असेल तर मी विरोध करणार नाही. नुसती दया म्हणून मात्र नाही.

गटसाधन:
शिक्षण खात्यात काम करतो, म्हणून पटाबद्दल बोलतो. खडूफळा बाई, तुमची कल्पना ऐकायला बरोबर आहे, पण मुख्याध्यापक ती मान्य करणार नाहीत आणि त्याचं कारण दुष्टपणा नाही. ऑक्टोबर 2011 मधली राज्यभरची पटपडताळणी आठवा. पटावर मुलं, वर्गात नाहीत, अशी बोगस पटसंख्या तेव्हा उघड झाली. तेव्हापासून वर्गात न दिसणारं नाव पटावर ठेवायला प्रत्येक मुख्याध्यापक घाबरतो. उद्या केंद्रप्रमुख आले आणि विचारलं हा मुलगा कुठे, तर काय सांगायचं? "निरीक्षणगृहात" सांगितलं तर तुमचं कलम 74 मोडलं. नाही सांगितलं तर बोगस नोंद.

त्यात संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणं, आता आधार जुळलेल्या पटावर होते. आत आलेल्या मुलांपैकी कित्येकांचं आधार नाही, असलं तर नाव-जन्मतारीख जुळत नाही.

आणि वय. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, सहा ते चौदा वयाचा आहे. कलम 4 नुसार वयानुरूप वर्गात घेता येतं, आणि असा प्रवेश घेतलेल्या मुलाचं शिक्षण चौदानंतरही पुरं करायची तरतूद आहे. पण तुमच्याकडे येतात ते सोळा-सतराचे, शाळा केव्हाच सुटलेली. त्यांना पटावर कुठल्या कलमाखाली घ्यायचं? त्यांच्यासाठी मुक्त विद्यालय किंवा सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म हाच मार्ग. त्यातही फॉर्मची मुदत असते. मुदतीनंतर आत आलेला मुलगा वर्षभर थांबतो.

माझ्या मते मुख्याध्यापकावर भार टाकू नका. निरीक्षणगृहातच मुक्त विद्यालयाचं केंद्र करा, दाखल्याचा प्रश्न तिथेच सुटेल.

गोदाकाठ:
केंद्राचा पत्ता कुठला छापणार?

गटसाधन:
गुणपत्रिका परीक्षा मंडळाची असते, तिच्यावर संस्थेचं नाव यायचं कारण नाही. पण केंद्र क्रमांकावरून कळू शकतं, हे मान्य. मग केंद्र जवळच्या शाळेत ठेवून अभ्यास आत करावा.

दीर्घउपचार:
विषय थोडा बाजूला नेते, पण वेगळ्या वर्गाला सरसकट विरोध होतोय म्हणून लिहावंसं वाटलं. माझ्या मुलीला रक्ताचा कर्करोग झाला. या आजाराचे उपचार दोन-तीन वर्षं चालतात. आम्ही विदर्भातून परळला आलो. संसर्गाच्या भीतीने शाळेत पाठवणं शक्यच नव्हतं. मुलांसाठी चालणारा एक छोटा वर्ग मिळाला, तिथे बिहार, बंगाल, मराठवाडा, सगळीकडची मुलं. सगळ्यांचे केस गेलेले, त्यामुळे टोपी कुणीच घालत नव्हतं. तिथल्या ताईंना माहीत होतं की केमोनंतर हात थरथरतो, त्या दिवशी लिहायला लावायचं नाही, गोष्ट सांगायची. गावच्या शाळेत हे कुणाला सुचलं असतं? ती बरी होऊन गावी परतली तेव्हा शाळेत सगळे तिच्याकडे दयेने बघायचे. तो वेगळा वर्ग तिला आजही आठवतो, आणि चांगल्या अर्थाने.

गोदाकाठ:
ताई, तुमच्या लेकीला उदंड आयुष्य लाभो. पण त्या वर्गातून तिला उठून तुमच्याकडे येता येत होतं. निरीक्षणगृहाच्या वर्गाला बाहेरून कडी असते. शिक्षक कितीही मायाळू असला तरी मुलाच्या मनात तो वर्ग शिक्षेचाच भाग होतो. माझा विरोध कडीला आहे.

खडूफळा:
कडी आहे म्हणूनच वर्ग हवा असं मला वाटतं. कडी काढणं बाल न्याय मंडळाच्या हातात, तोवरचे दिवस माझ्या हातात. ज्या दिवशी आत एकही मूल नसेल त्या दिवशी वर्ग बंद करा, मी आनंदाने घरी बसेन. पण मुलं कमी करू, मग बघू, असं म्हणत आपण किती वर्षं त्यांना दिवसभर टीव्हीसमोर बसवून ठेवणार?

गटसाधन यांच्या अडचणीवर मला असं सुचतं. परिविक्षा अधिकारी एरवीही मुलाच्या घरी जाऊन सामाजिक तपास अहवाल तयार करतातच. त्याच वेळी शाळेची नोंद काढावी. चौदाच्या आतल्या मुलासाठी शिक्षणाधिकाऱ्यांकडून "अन्यत्र शिक्षण सुरू" एवढंच लिहिलेलं पत्र मूळ शाळेला जावं. कारण लिहायचं नाही. आजारी मुलासाठीही हेच पत्र, स्थलांतरितासाठीही हेच. मग पत्र बघून कुणाला काही ओळखता येणार नाही आणि मुख्याध्यापकाकडे पडताळणीला दाखवायला कागद राहील. मोठ्या मुलांसाठी तुमचं मुक्त विद्यालय मान्य, केंद्र बाहेरच्या शाळेत. हडपसरकर म्हणतात ते येताना-जातानाच्या पातळीचं मोजमापही मान्य, ते मी आताही वहीत ठेवते.

पाचवी_ब:
पत्राची कल्पना आवडली. पण लहान गावात पोलीस मुलाला घेऊन गेलेले सगळ्यांनी पाहिलेले असतात. पत्रात कारण नसलं तरी गावाला कारण माहीत असतं. त्याला त्याच शाळेत परत पाठवायचं की दुसऱ्या, हे त्याला विचारा. आम्हाला कधीच कुणी विचारलं नाही.

गोदाकाठ:
हे मला पटतं. बाकी मी माझ्या मतावर आहे. पत्र निघणार असेल तर त्यात मुदतही घाला, चार महिने. मुदत संपली की शिक्षणाधिकाऱ्यांनी मंडळाला लेखी विचारावं, हा मुलगा अजून आत का आहे.

गटसाधन:
मंडळाला प्रश्न विचारण्याचा अधिकार शिक्षणाधिकाऱ्यांना नाही. तो बदल कायद्यात करावा लागेल. "अन्यत्र शिक्षण सुरू" या पत्राला मात्र शासन निर्णय पुरेल. मसुदा मी लिहायला घेतो, खडूफळा बाईंनी वर्गाच्या बाजूने त्यात भर घालावी.