‘नस मेली’ म्हणजे नेमकं काय मेलं?

चोपडेकर: भाचा 8 वर्षांचा. ओट्यावरून पडला, वरचा पुढचा पक्का दात दुखावला. डॉक्टर म्हणाले, “नस मेलीय, मूळ कच्चं आहे.” बहीण म्हणाली, “मेली ना? मग दुखायचा नाही, राहू दे.” दोन महिन्यांनी हिरडीवर पुळी. कागदावर लिहिलंय ‘अपरिपक्व मूलशिखर’. हे काय?

दातवाली, धुळे: घोळ ‘नस’ शब्दाचाच आहे. आत नस असते, रक्तवाहिन्या असतात, आणि दात आतून बांधणाऱ्या पेशीही. दात वर दिसला तरी मूळ पुरं व्हायला साधारण 3 वर्षं लागतात. मधेच आतलं मेलं की बांधकाम थांबतं: भिंती पातळ, टोक उघडं. नेहमीचं रूट कॅनाल करावं, तर मसाला अडायला बूडच नाही.

अमळनेरचे मास्तर: पुस्तकात ‘दंतमज्जा’. पण अस्थिमज्जा हाडातली, मज्जारज्जू पाठीतला, माणूस गोंधळणारच. ‘गर’ चमच्यानं खायचा. मी ‘गाभा’ म्हणेन. केळीचा गाभा सडला तरी खांब काही दिवस उभा दिसतो, घड मात्र पडत नाही. हे आपल्याकडं कुणाला समजवायला नको. आणि ‘शिखर’ कशाला? खालच्या दाताचं शिखर जमिनीकडं! मूलाग्र म्हणा, नाहीतर मुळाचं टोक. आमच्या अहिराणीत ‘मूय’.

दातवाली, धुळे: गाभा पटला. उघड्या टोकाला इंग्रजीत जुन्या रुंद तोंडाच्या बंदुकीचं नाव आहे. आपण ‘कर्ण्यासारखं’ म्हणू. पूर्वी कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून महिनोन्‌महिने थांबायचं, टोकाशी कठीण पडदा धरेपर्यंत. आता एमटीए, म्हणजे पोर्टलंड सिमेंटचाच भाऊबंद, टोकाशी 4-5 मिलिमीटर दाबतात. याला मी ‘बूच’ म्हणते. पण बुचानं मूळ वाढत नाही, भिंत पातळ ती पातळच. दुसरी रीत: आतलं निर्जंतुक करून सुईनं टोकापलीकडून रक्त आत आणायचं. गुठळीवर नवी ऊती धरते, कधी भिंतीही जाड होतात.

चोपडेकर: म्हणजे पुनरुज्जीवन?

अमळनेरचे मास्तर: मेलेला गाभा उठत नाही हो! आत येतं ते बहुतेक बाहेरचं. ‘पुनर्भरण’ म्हणा हवं तर.

दातवाली, धुळे: मास्तर, पुनर्भरण म्हटलं की आमच्याकडं लोक विहीर समजतील.

चोपडेकर: बहिणीला केळीचं सांगितलं. “मग आधी का नाही बोलले?” म्हणून माझ्यावरच उखडली. उद्या दाखवायला नेतेय. भाचा विचारतोय, बूच बाटलीचं का?