अरबी शिकायला गेलेल्यांनो, सुट्टीआधीचे शेवटचे आठवडे कसे गेले?

कैरो, अम्मान, दोहा, रबात, कुठेही सेमिस्टरभर अरबी शिकून सुट्टीला घरी निघालेल्यांनी इथे लिहा. फी किती, व्हिसा कसा हे नको, ते सगळीकडे मिळतं. परीक्षा झाली, बॅगा भरायच्यात, तेव्हा तोंडात नक्की किती अरबी होतं ते सांगा. सुरुवात मीच करते.

माझं अम्मान. आमच्या आधीची मंडळी दमास्कसला जायची, 2011 नंतर सीरियात युद्ध पेटलं आणि बरेच कोर्स जॉर्डनला आले. डिसेंबरात अम्मानची थंडी बाहेरपेक्षा घरात जास्त, सगळ्या दगडी भिंती, हीटिंग डिझेलवर, आणि डिझेल महाग म्हणून घरमालक ते संध्याकाळी थोडाच वेळ लावणार, मग सगळे जण गॅसच्या 'सोबा'भोवती बसून क्रियापदांचे दहाच्या दहा साचे घोकतोय. पाणी आठवड्यातून एकदा, ते गच्चीवरच्या टाकीत साठवायचं (मी लातूरची, मला काय त्याचं!). ओरलला विषयही पाणीटंचाईच आला. फुसहात, म्हणजे पुस्तकी अरबीत, शब्दांच्या शेवटच्या स्वरांसकट भाषण ठोकलं, सर खूष. बाहेर येऊन सर्व्हीसमध्ये बसले, म्हणजे ठरलेल्या रूटची शेअर टॅक्सी, तर शेजारच्या काकू माझ्याशी बोलताना सगळे 'क' गिळत होत्या, ड्रायव्हर त्याच शब्दांत 'ग' म्हणत होता, आणि मी दोघांशी बातम्या वाचल्यासारखी बोलत होते. हसलं कुणी नाही, उलट फार आदराने ऐकलं. आदराने ऐकलं की समजायचं अजून लांब आहोत.

---

दोहावाला बोलतोय. तुम्हाला निदान शेजारी अरब काकू तरी मिळाल्या! दोहात अरबी बोलायला अरब माणूस शोधावा लागतो. टॅक्सीत मल्याळम नाहीतर हिंदी, किराणा दुकानात हिंदी, मेसमध्ये बंगाली. माझं खरं अरबी झालं ते हॉस्टेलमध्ये, ताजिक, बोस्नियन, कोरियन आणि मी, चौघांना कॉमन भाषा एकच, त्यामुळे भांडी कुणी घासायची हे भांडणसुद्धा शुद्ध फुसहात. 18 डिसेंबरला कतारचा राष्ट्रीय दिन असतो, आणि योगायोगाने जागतिक अरबी भाषा दिनही तोच, कारण 1973 मध्ये त्याच तारखेला युनोने अरबीला अधिकृत भाषा केलं. आम्हाला कॉलेजात कविता म्हणायला लावल्या आणि संध्याकाळी कॉर्निशवर, म्हणजे समुद्राकाठच्या रस्त्यावर, परेडच्या गर्दीत माझ्या आजूबाजूला निम्मे लोक आपल्याकडचेच, एकाने तर विचारलं, कुठले तुम्ही, सांगली का? सेमिस्टरचा शेवट असा मराठीत झाला.

---

मी दापोलीचा. सेमिस्टर नव्हतं, ओमानमध्ये निझवाजवळ छोटा इंटेन्सिव्ह कोर्स केला, चालेल ना? माझी गोष्ट थोडी उलटी आहे. आम्ही लहानपणीच मदरशात कुरआन वाचायला शिकतो, तजवीदसकट, म्हणजे 'ऐन' कुठून काढायचा, दोन प्रकारचे 'ह' वेगळे कसे म्हणायचे हे सगळं सात-आठ वर्षांचे असतानाच घटवून घेतलेलं असतं. पहिल्या दिवशी मी उतारा वाचला आणि बाईंना वाटलं हा चुकून खालच्या वर्गात आला. मग त्यांनी विचारलं, काय कळलं? काही नाही. अर्थ कधी कुणी शिकवलाच नव्हता. वर्गातल्या जर्मन पोराचं बरोब्बर उलटं, त्याला अर्थ सगळा कळायचा पण उच्चार ऐकवत नसे, म्हणून आम्ही जोडी जमवली. कोर्स ईदच्या तोंडावर संपला. निझवाला दर शुक्रवारी सकाळी बकऱ्यांचा बाजार असतोच, बकरी धरून गोल फिरवतात, गिऱ्हाईक कडेला बसून भाव पुकारतं, पण ईदआधीच्या बाजाराला 'हबता' म्हणतात आणि त्याची गर्दी काही औरच. तिथे एका आजोबांशी बोकडाच्या भावावर मनसोक्त हुज्जत घातली. घ्यायचा नव्हताच, नेणार कुठे!! पण हुज्जत शेवटपर्यंत जमली. घरी आलो तर अम्मीने कुरआनातली ओळखीची सूरत वाचायला सांगितली आणि एका ओळीवर मी थांबलो, कारण ती कळली. याबद्दल जास्त लिहीत नाही.

---

रबात, मोरोक्को. पटकन लिहिते. इथली दारिजा म्हणजे अरबी, फ्रेंच आणि अमाझिगची (तिथल्या मूळच्या बर्बर लोकांची भाषा) मिसळ, कैरोत शिकून आलेली मैत्रीण पहिले काही दिवस गप्पच होती. आमची परीक्षा जानेवारीत. 2024 पासून तिथे 14 जानेवारीला अमाझिग नववर्षाची सरकारी सुट्टी असते, म्हणजे नेमकी आपली संक्रांत! घरमालकीणबाईंनी आदल्या रात्री सात भाज्यांचा कुसकुस केला आणि इकडे आई फोनवर सांगतेय, आज भोगीची भाजी केली. दोघींना व्हिडिओ कॉलवर बोलायला लावलं, भाषांतर मी. माझी खरी फायनल तीच, मार्क बाईंनी बडिशेप घातलेल्या बिस्किटांत दिले.

---

सगळे फुसहाला नावं ठेवताय म्हणून लिहितो. मी कैरोत शिकलो, तिथे परीक्षांच्या मध्येच 7 जानेवारीला कॉप्टिक, म्हणजे तिथल्या ख्रिश्चनांच्या, ख्रिसमसची सुट्टी येते, अभ्यास सोडून रस्त्यावरच्या गाडीवरची भाजलेली रताळी खात बसायचो. इजिप्तची बोली शिकाच, सिनेमे आणि सिरियलींमुळे ती सगळीकडे कळते. पण आता मी मुंबईत हॉस्पिटलांमध्ये दुभाष्या आहे, ओमान, येमेन, इराकहून पेशंट येतात. रिपोर्ट, संमतीपत्र, बिल, सगळं फुसहात लिहून द्यावं लागतं, आणि पोटात नक्की कसं दुखतंय ते पेशंट त्याच्या गावच्या बोलीत सांगतो. येमेनी आजोबा समोर असले की मी पहिल्यांदा मुलाला बाजूला बसवतो, कारण मुलगा वडिलांचं दुखणं सभ्य करून सांगतो आणि डॉक्टरना ते सभ्य नको असतं. कुणाला यात यायचं असेल तर विचारा, येमेनच्या सना शहराची बोली येणारी माणसं आम्हाला सारखी लागतात.