मदत हवी आहे : आईच्या दाढेतल्या चांदीचा कोपरा तुटला. तेवढाच भरावा की सगळी काढून नवी?

नमस्कार मंडळी. आम्ही पांढरकवड्याकडचे. आई साठीच्या पुढची. खालच्या उजव्या दाढेत तिने फार वर्षांपूर्वी चांदी भरून घेतली होती, माझ्या लग्नाच्याही आधी. आजवर काही तक्रार नव्हती. मागे एका रोडग्याच्या जेवणात कट्‌कन वाजलं आणि चांदीचा गालाकडचा कोपरा निघून हातात आला. ठणका नाही, थंड पाण्याने सणक नाही. पण जीभ सारखी तिथेच जाते आणि डाळीचा कण अडकला की ती काडी घेऊन बसते. काडी घालू नको म्हणून सांगून घसा कोरडा पडला, ऐकणार कोण!

तालुक्याच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं आणि म्हणाले, "सगळी चांदी काढून पांढरं सिमेंट भरू, नाहीतर सरळ रूट कॅनल करून कॅप बसवू." एक्सरे काढला नाही. त्याच सुमारास गावात दातांचं शिबिर आलं होतं. त्यातली शिकाऊ डॉक्टरीण म्हणाली, "काकू, बाकीची चांदी घट्ट आहे, तुटला तेवढा कोपरा भरून घ्या." आता कोणाचं ऐकावं?

त्यात वहिनीने मोबाईलवर आलेला व्हिडिओ दाखवला की चांदीत पारा असतो, ताबडतोब काढा. तेव्हापासून आई घास गिळतानाही घाबरते. शिवाय आमच्या भागात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, आईच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी डाग आहेत. असल्या दाताला पांढरं सिमेंट धरत नाही म्हणतात, खरं का?

सध्या कापसाची वेचणी सुरू आहे, मजुरांची मारामार. नागपूर किंवा सावंगीच्या दंत कॉलेजात एकच फेरी जमेल, म्हणून तिथे नेमकं काय विचारायचं ते आधी समजून घ्यायचं आहे.

जुनी_बत्तीशी : आमच्या काकांची दाढ अशीच. चांदी काढून सिमेंट, सिमेंट काढून मोठं सिमेंट, मग कॅप, शेवटी दाढच उपटली. घाई करू नका भाऊ.

दातांचा_माणूस : मी दंतवैद्य आहे, वर्धा जिल्ह्यात. दाढ न बघता निकाल देणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगतो.

प्रश्न एकच आहे : चांदीखाली नवी कीड आहे की नाही? जुन्या चांदीची कड वर्षानुवर्षे चावून झिजते, तिथे बारीक खाच पडते. त्या खाचेत आमची अणकुचीदार सळई अडकली म्हणजे कीड झाली, असं पूर्वी धरायचे. आता तसं धरत नाहीत. खाच वेगळी, कीड वेगळी. कडेला दात मऊ लागतोय का, आतून काळसर छाया दिसते का, हे दात स्वच्छ करून, सुकवून बघावं लागतं. सोबत दोन दाढांच्या मधला भाग दिसेल असा एक्सरे हवा. टॉर्चच्या उजेडात रूट कॅनल ठरत नाही.

कीड नसेल, उरलेली चांदी हलत नसेल आणि दाताला तडा नसेल, तर तुटलेला भाग तेवढा साफ करून, खरवडून भरता येतो. नवी चांदी किंवा बाँड (दाताला चिकटवणारा थर) लावून पांढरं सिमेंट, दोन्ही चालतं. यात हलगर्जीपणा नाही. जागतिक दंत संघटना एफडीआयने २०१९ मध्ये शक्य तिथे बदलण्याआधी दुरुस्तीचा विचार करा असंच म्हटलं आहे. कारण भरण काढताना चांगला दातही थोडा कोरला जातोच. दर खेपेला खड्डा मोठा, भिंती पातळ. मग एक दिवस दाताची भिंतच तुटते. जुनी_बत्तीशींच्या काकांचं जे झालं ते बहुधा हेच.

मात्र खाली कीड पसरली असेल, चांदी डुगडुगत असेल किंवा शेजारच्या दाढेपाशी फट पडून रोज घास अडकत असेल, तर कोपऱ्यावर भागत नाही. तिथे सगळं काढणंच बरं. काडी नेमकी कुठे जाते ते आईंना बोटाने दाखवायला सांगा. तुटलेल्या खड्ड्यात की दोन दाढांच्या मधे? उत्तरावर बरंच ठरतं. आणि रात्री आपोआप ठणका लागला तर वेचणीची वाट बघू नका.

पाऱ्याचं : चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो हे खरं, पण तो बाकी धातूंशी बांधलेला असतो. वाफ सर्वांत जास्त निघते ती भरताना आणि कोरून काढताना. म्हणून अमेरिकेची औषध-नियामक संस्था एफडीए हिने २०२० मध्ये गरोदर बाया, लहान मुलं, मूत्रपिंडाचे रुग्ण यांना नवी चांदी शक्यतो भरू नका म्हटलं, पण शाबूत असलेली जुनी चांदी नुसत्या भीतीने काढू नका, हेही सांगितलं. आईंना म्हणा, बिनधास्त जेवा, फक्त रोडगा दुसऱ्या बाजूने.

फ्लोराइडचं तुम्ही बरोबर ऐकलंय. डाग गडद असतील तर वरचं कवच खडबडीत आणि ठिसूळ असतं, बाँड तिथे कमी धरतो. डॉक्टरला हे आधीच सांगा.

खर्रा_सोडला : माझ्या पांढऱ्या सिमेंटच्या कडेला तपकिरी रेघ आली आहे. तेही बदलावं लागेल का?

दातांचा_माणूस : खर्रा (तंबाखू-सुपारीचा), चहा याने कडेला डाग धरतो. नुसता डाग म्हणजे कीड नव्हे. बरेचदा पॉलिश करून भागतं. तरी एकदा दाखवा, आणि खर्रा खाल्लाय तर जीभ-गाल पण तपासून घ्या.

धागाकर्ता : धन्यवाद जी, खूप मदत झाली. आईला विचारलं, काडी खड्ड्यातच जाते म्हणते. एक्सरे तालुक्यातच काढून नेला तर चालेल का, की कॉलेजात पुन्हा काढतात?

दातांचा_माणूस : नेलात तर उत्तम. पण मोबाईलमधला फोटो नको, मूळ फिल्म किंवा मूळ फाइल मागून घ्या. दाढेची कड नीट आली नसेल तर ते पुन्हा काढतील, त्याला इलाज नाही. नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात आहे. सकाळी लवकर नंबर लावा, आणि पहिल्याच खोलीत सांगा : "एक्सरे बघून ठरवा, जमत असेल तर कोपराच भरा."