मदत हवी आहे: इंग्रजी शब्द ओळखता येतात, पण लिहिताना सुचत नाहीत

नमस्कार. माझे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असून सध्या मी अवर्षणप्रवण भागातील पाणीवापरावरचा पीएच.डी.चा प्रबंध इंग्रजीतून लिहीत आहे. वाचताना फारशी अडचण येत नाही. परंतु लिहायला बसले की ‘इम्पॉर्टंट’, ‘इन्क्रीज’, ‘प्रॉब्लेम’ हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात आणि मनातला बारकावा कागदावर उतरत नाही. म्हणून आम्ही तिघी मैत्रिणींनी दर आठवड्याला २० शब्दांचा अभ्यास सुरू केला. रविवारी यादी ठरवायची, प्रत्येकीने वहीत अर्थ, व्युत्पत्ती आणि एक वाक्य लिहायचे आणि शनिवारी एकमेकींना तोंडी प्रश्न विचारायचे, हा क्रम आम्ही २० आठवडे न चुकता पाळला आहे.

व्युत्पत्तीने मला मनापासून आनंद दिला. ‘पाहणे’ या अर्थाच्या एकाच लॅटिन धातूपासून इन्स्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, रेट्रोस्पेक्ट, सर्कम्स्पेक्ट हे शब्द झाले, हे कळले तेव्हा संस्कृतच्या तासाला शिकलेले प्रहार, आहार, संहार, विहार, परिहार आठवले. दंत आणि डेंटल, नाम आणि नॉमिनल, नव आणि इनोव्हेशन यांचे नाते दिसले की शब्द परका वाटत नाही.

अडचण पुढे आहे. सुमारे ४०० शब्दांचे अर्थ मी विचारल्यावर सांगू शकते, पण नुकतेच लिहिलेले प्रकरण तपासले तर त्यांतले जेमतेम ११ शब्द त्यात सापडले, आणि त्यांतलाही एक चुकला होता. गावकऱ्यांनी केलेल्या मदतीसाठी मी ‘फुलसम’ हे विशेषण वापरले, कारण वहीत त्याचा अर्थ ‘भरभरून’ असा लिहिला होता. त्या शब्दाला तोंडदेखल्या, अवाजवी स्तुतीची छटा आहे, हे मार्गदर्शकांनी दाखवून दिले. ज्या लोकांनी मला उन्हात विहिरीविहिरींवर नेले, त्यांच्याबद्दल असे लिहिले गेले याचे मला फार वाईट वाटले.

शब्द तयार यादीतून घ्यावेत की स्वतःच्या वाचनातून? आठवड्याला २० शब्द जास्त होतात का? आणि शब्द लिहिताना आपोआप सुचावा, यासाठी सराव कसा करावा?

प्रतिसाद १

ताई, तुमचे कष्ट कमी पडलेले नाहीत. शब्द एकेकटे पाठ झाले आहेत, एवढेच. मराठीत आपण नवस फेडतो, कर्ज फेडतो, पण दिलेला शब्द पाळतो. हे आपल्याला कोशाने शिकवलेले नाही. ‘मिटिगेट’ आणि ‘अलीव्हिएट’ या दोहोंपुढे कोशात ‘सौम्य करणे’ असाच अर्थ दिसेल, पण जोखीम आणि दुष्परिणाम यांच्याबरोबर बहुधा पहिला शब्द येतो, तर वेदना आणि दारिद्र्य यांच्याबरोबर दुसरा. ‘मिलिटेट’ हा दिसायला मिटिगेटचा भाऊ वाटतो, पण त्याचा अर्थ विरोधात जाणे असा असून त्याच्यामागे ‘अगेन्स्ट’ लागते. म्हणून वहीत सुटा शब्द न लिहिता त्याच्या सोबत्यासह लिहावा, आणि तोही आपण वाचलेल्या शोधनिबंधातल्या वाक्यातून उचललेला असावा.

यादी हवीच असेल तर न्यूझीलंडमधील अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेली शैक्षणिक शब्दांची यादी पाहा. तिच्यात ५७० शब्दकुळे (एक मूळ शब्द आणि त्यापासून झालेली रूपे मिळून एक कूळ) असून ती वापराच्या प्रमाणानुसार १० गटांत मांडली आहेत. स्पर्धा परीक्षांसाठी पाठ केल्या जाणाऱ्या दुर्मीळ शब्दांपेक्षा ‘कॉन्स्टिट्यूट’, ‘डिराइव्ह’, ‘असेस’ असे शब्द प्रबंधाला कितीतरी अधिक उपयोगी पडतात.

आठवड्याला आठ शब्द पुरेत. उरलेला वेळ जुन्या शब्दांना द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात पाच कप्पे करून चिठ्ठ्या ठेवाव्यात. उत्तर बरोबर आले तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात जाते, चुकले तर पुन्हा पहिल्या कप्प्यात येते, आणि पुढचे कप्पे अधिकाधिक दिवसांनी उघडायचे असतात. मात्र चिठ्ठीवर शब्द लिहून अर्थ विचारू नका. स्वतःच्या प्रबंधातले वाक्य लिहून त्यात शब्दाची जागा मोकळी सोडा.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. फक्त ‘इम्पॉर्टंट’ प्रत्येक ठिकाणी बदलू नये. साधा शब्द नेमका असेल तर तोच राहू द्यावा. छटा तपासण्यासाठी इंग्रजी शिकणाऱ्यांकरिता केलेला इंग्रजी-इंग्रजी कोश घ्यावा. त्यात शब्द नापसंतीदर्शक असल्यास बहुधा तशी नोंद असते.

धागाकर्ती

आपणा दोघांचीही मी ऋणी आहे. कॉक्सहेड यांच्या यादीतला पहिला, ६० शब्दकुळांचा गट आज प्रकरणाशी ताडून पाहिला. त्यातला एकही शब्द मला अनोळखी नव्हता, तरी निम्म्याहून अधिक शब्द मी कुठेच वापरलेले नाहीत. तेव्हा काही आठवडे नवे शब्द पूर्ण थांबवून केवळ या ओळखीच्या, पण न वापरलेल्या शब्दांवर काम करावे का? मैत्रिणींनाही हेच सुचवण्याचा विचार आहे, म्हणून आपला अनुभव कळवावा.