‘परिस्थिती ही केवळ सबब आहे’ या विधानाला उत्तर

कृष्णाकाठ:
साताऱ्याजवळच्या खेड्यातून निघून ओहायोत स्वतःचा कारखाना उभारण्यापर्यंतचा आपला प्रवास सांगताना ओहायोवासी यांनी गेल्या आठवड्यातील लेखात तरुणांना असे बजावले आहे की, ज्याच्या अंगी धमक आहे तो कोठूनही वर येतो आणि परिस्थिती ही केवळ सबब आहे. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. परंतु या विधानाचा मला इतका त्रास झाला की दोन ओळींचा प्रतिसाद पुरला नसता, म्हणून हा स्वतंत्र धागा.

ते १९७१ साली अमेरिकेत गेले. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना तेथे कायम वास्तव्यासाठी वर्षाला जेमतेम १०० जागा मिळत असत, आणि हे दार खऱ्या अर्थाने उघडले ते ऑक्टोबर १९६५ मधील नव्या कायद्यामुळे. तो कायदा नागरी हक्कांच्या चळवळीने ढवळून निघालेल्या अमेरिकेने स्वतःच्या कारणांसाठी केला होता. त्यात सातारा जिल्ह्यातील कोणाच्याही अंगच्या धमकेचा वाटा नव्हता. तीच बुद्धी आणि तीच चिकाटी असलेला मुलगा पंधरा वर्षे आधी जन्मला असता तर कोठे पोहोचला असता? शिवाय त्यांचे शिक्षण झाले ते रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहात राहून, ई.बी.सी.च्या (आर्थिकदृष्ट्या मागास विद्यार्थ्यांसाठीच्या शुल्काच्या) सवलतीवर आणि नाममात्र शुल्क घेणाऱ्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयात. १९१९ साली काले येथे कर्मवीर भाऊराव पाटलांनी ही संस्था काढली नसती तर हा लेख लिहिला गेला असता काय?

ओहायोवासी:
आपण माझा लेख वाचलात, पण त्यातून हवे तेवढेच उचललेत. रयतचे वसतिगृह माझ्या एकट्यासाठी नव्हते आणि ई.बी.सी. तर वर्गातील बहुतेकांना होती. तरीही त्यांपैकी कितीजण रात्री कंदिलाखाली बसून इंग्रजी शिकले? मी विमानातून उतरलो तेव्हा खिशात आठ डॉलर होते, कारण त्या काळी तेवढेच परकीय चलन नेण्याची परवानगी होती. पहिल्या हिवाळ्यात मी उपाहारगृहात भांडी घासली आहेत. आपल्या कायद्याने ती भांडी घासली नाहीत.

पुलाची_वाडी:
सरकारी महाविद्यालयाची गोष्ट करणाऱ्यांनी १९८३ नंतरचा काळही लक्षात घ्यावा. मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी दिली आणि ज्याच्या वडिलांकडे देणगी द्यायला पैसे होते, तो माझ्यापेक्षा कमी गुणांवर अभियंता झाला. मला पदविकेवर थांबावे लागले. येथे धमक कोणाची मोजायची?

निशिगंध:
मीही संगणक अभियंता आहे. यजमान आणि मी एकाच वर्गात शिकलो आणि माझे गुण त्यांच्यापेक्षा अधिक होते. २००४ साली मी एच-फोर व्हिसावर, म्हणजे तेथे नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसावर, न्यू जर्सीत आले. या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती. ती मुभा मिळाली मे २०१५ मध्ये, तीही ज्यांच्या पतीचा ग्रीनकार्डासाठीचा, म्हणजे कायम वास्तव्याच्या परवान्यासाठीचा, अर्ज एका टप्प्यापर्यंत मंजूर झाला आहे त्यांनाच. कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांपेक्षा अधिक ग्रीनकार्डे नाहीत, या नियमामुळे भारतीयांची रांग पुढे सरकतच नाही. मुभा मिळाल्यावर मी मुलाखतींना गेले, तेव्हा प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न एकच होता: मधल्या काळात आपण काय करीत होता?

रोखठोक:
ताई, वाईट वाटून घेऊ नका, परंतु व्हिसाचे नियम आपल्याला लग्नापूर्वी ठाऊक होते. आपण स्वतःचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीसाठीचा व्हिसा, मिळवू शकला असता. अनेक मुलींनी मिळवला.

निशिगंध:
दुसऱ्याच्या आयुष्याविषयी इतक्या सहजपणे निकाल देण्यापूर्वी आपण विचारायला हवे होते. मी प्रयत्न केला होता. एच-वन-बीची वार्षिक मर्यादा २००१ ते २००३ या काळात १,९५,००० होती. मी आले त्या वर्षी ती पुन्हा ६५,००० वर आली. तरीही एका कंपनीने माझी मुलाखत घेऊन मला निवडले आणि एप्रिल २००७ मध्ये अर्ज भरला. पहिल्या दोन दिवसांतच सव्वा लाखाच्या आसपास अर्ज आले आणि संगणकाने सोडत काढली. माझा अर्ज न उघडता शुल्कासह परत आला. त्या सोडतीत कोणी गुण पाहिले नाहीत, अनुभव पाहिला नाही आणि कंदिलही पाहिला नाही. ज्यांचा क्रमांक लागला ते आज येथे मेहनतीचे धडे देतात, आणि मला मात्र ‘प्रयत्न करायला हवा होता’ असे ऐकावे लागते. हे मी यापुढे ऐकून घेणार नाही.

रोखठोक:
सोडतीचे मला माहीत नव्हते. तरीही नियम जाचक आहेत म्हणून व्यक्तीची जबाबदारी संपते, हे मला पटत नाही.

कृष्णाकाठ:
जबाबदारी संपते असे येथे कोणीही म्हटलेले नाही. ओहायोवासींना माझा एकच प्रश्न आहे. त्यांच्याच लेखात असे आहे की वडील वारल्यावर थोरल्या बंधूंनी सातवीत शाळा सोडली, शेती सांभाळली आणि धाकट्याला साताऱ्याला पाठवले. दोघे एकाच घरात वाढले. बंधूंच्या अंगी धमक नव्हती, असे ते म्हणतील काय?

ओहायोवासी:
दादांना या वादात ओढण्याची गरज नव्हती. ते माझ्यापेक्षा हुशार होते. गणितात तर निश्चितच. त्यांच्यावर शाळा सोडण्याची वेळ आली ती परिस्थितीमुळे, आणि निशिगंध यांचा अर्ज परत आला त्यातही त्यांचा दोष नाही, एवढे मी मान्य करतो. परंतु दादांनी मला जे दिले ते मी वाया घालवले नाही, आणि हे श्रेय मी कोणाच्याही युक्तिवादापुढे सोडणार नाही. माझ्याबरोबर वसतिगृहात राहिलेल्या काहींनी तीच संधी पत्त्यांच्या डावात घालवलेली मी पाहिली आहे.

निशिगंध:
ते श्रेय आपल्याकडून कोणी मागितलेले नाही. आपण तरुणांना उद्देशून लिहिलेला शेवटचा परिच्छेद आज सोडतीच्या निकालाची वाट पाहणारी मुले वाचतात, म्हणून तो बदलावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

ओहायोवासी:
परिच्छेद काढणार नाही. १९६५ च्या कायद्याचा आणि दादांच्या सातवीचा उल्लेख त्यात घालतो.